आईचे तिकीट

लासलगावच्या स्टेशनावरील तिकिटाच्या खिडकीपुढे मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा माझे नाक खिडकीच्या फळीलाही पोचत नव्हते. वडील आत पैसे सरकवीत, आतून ‘खट्’ असा आवाज येई आणि जाड पुठ्ठ्याचे एक लहानसे तिकीट बाहेर येई. त्या तिकिटाची हकीकत मला पुढे शिक्षक झाल्यावर वाचावयास मिळाली. थॉमस एडमंडसन नावाच्या एका इंग्रज स्टेशनमास्तराने १८३० नंतरच्या काही वर्षांत ही पुठ्ठ्याची तिकिटे आणि त्यांवर तारीख उमटविणारे यंत्र प्रचारात आणले. सव्वादोन इंच लांबीचा तो तुकडा पुढे शंभराहून अधिक वर्षे जगभर चालला.

मला मात्र तिकिटापेक्षा खिडकीमागचे तिकीटबाबूच अधिक आठवतात. कोणी घाईने “मुंबई, दोन” म्हणाला, तर ते चष्म्यावरून पाहत विचारीत, “आजच ना? कोणत्या गाडीने? ती गाडी इथे थांबत नाही, बरे का!” माणूस वरमे, मग हसे आणि दुसऱ्या गाडीचे तिकीट घेई. तिकीटबाबू लोकांच्या चुका अशा रोज किती निस्तरत असतील, याचा विचार त्या वयात माझ्या मनात आला नाही. तो आला २०२५ च्या एप्रिल महिन्यात, घरातल्या ओट्यावर संगणक मांडून बसलो असताना.

माझी धाकटी बहीण जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी राहते. तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला रुग्णालयात पडून राहावयास सांगितले होते. आई तिच्याकडे निघाली. वयाची सत्तरी गाठलेली आमची आई पंढरपूर आणि मुंबई यांपलीकडे कधी गेली नव्हती. मुंबईहून विमान तिला फ्रँकफुर्टला उतरविणार होते, आणि तेथून पुढे आगगाडी. मेहुण्यांना बहिणीजवळून हलता येत नव्हते. बहिणीच्या ओळखीच्या एक ताई फ्रँकफुर्टला राहत. त्या आईला विमानतळावरून गाडीत बसवून देणार होत्या. तिकीट मात्र मी काढीन, असे मी मोठ्या तोऱ्यात कळविले. “दादा, मी इथून काढते ना,” असे ती दोनदा म्हणाली. पण थोरल्या भावाने निजलेल्या बहिणीला एवढेही काम लावावे काय?

आपल्या देशात रेल्वेची तिकिटे संगणकावरून काढण्याची सोय २००२ साली झाली. आरंभी तर पैसे संगणकावर भरावयाचे आणि छापील तिकीट घरी येण्याची वाट पाहावयाची, असा प्रकार होता. मी स्वतः अशी तिकिटे पुष्कळ काढली आहेत. तेव्हा जर्मनीचे तिकीट म्हणजे फार तर भाषेची अडचण, असे मी धरून चाललो होतो. जर्मन रेल्वेच्या संकेतस्थळावर इंग्रजीचीही सोय असल्याने ती अडचणही उरली नाही. मी ‘फ्रँकफुर्ट’ लिहिले. खाली एकाऐवजी अनेक फ्रँकफुर्ट उभी राहिली!

त्यांतील एकापुढे कंसात इंग्रजी ‘मेन’सारखी दिसणारी अक्षरे होती, दुसऱ्यापुढे ‘ओडर’ असे होते. मी आपला तर्क चालविला. ‘मेन’ म्हणजे मुख्य. ते शहराचे मुख्य स्टेशन असणार. विमानतळ असतो गावाबाहेर. म्हणजे मुख्य स्टेशन सोडून जे दुसरे, तेच आपले. आपल्या बुद्धीवर खूश होऊन मी ‘ओडर’ निवडले. पडद्यावर गाड्या आल्या. मी मोठ्याने वाचू लागलो : इतक्या वाजता निघणार, इतक्या वाजता पोचणार, सहा तासांहून अधिक प्रवास.

आई शेजारी लसूण सोलीत बसली होती. तिने हात थांबविला.

“अरे, पोर तर सव्वा तास म्हणत होती. हे कोणते फ्रँकफुर्ट?”

“फ्रँकफुर्ट म्हणजे फ्रँकफुर्टच, आई.”

“असे कसे? आपल्याकडे नुसते पिंपळगाव म्हटले, तर कोणी एस. टी.त बसतो का? बसवंत की हरेश्वर, ते आधी विचारतो. बसवंत आपल्या शेजारी, आणि हरेश्वर तिकडे पाचोऱ्याकडे. तू त्या मुलीला विचार बरे.”

मी बहिणीला फोन लावला. ती एवढी हसली, की तिला हसवू नका असे तेथील परिचारिका सांगू लागली. जर्मनीत फ्रँकफुर्ट नावाची दोन शहरे आहेत, आणि कंसातील शब्द नद्यांची नावे आहेत. एक माइन नदीवरचे, विमानतळ तेथे. दुसरे ओडर नदीवरचे, पार पोलंडच्या सीमेला टेकलेले. मी ज्याला ‘मुख्य’ समजलो, ती नदी निघाली! ते तिकीट घेऊन आई विमानतळावरून गाडीत बसूच शकली नसती. आणि परक्या मुलुखात, हातात भलत्या गावचे तिकीट घेऊन उभी असलेली आई माझ्या डोळ्यांपुढे आली, तेव्हा माझ्या पायांतले बळच गेले. संगणकाने मला एका शब्दाने हटकले नव्हते. जे मागितले, ते त्याने निमूटपणे पुढे केले होते.

त्यानंतर प्रत्येक ओळ मी आईला वाचून दाखवू लागलो.

तिकिटे दोन प्रकारची होती. स्वस्त तिकिटावर ठरलेल्या गाडीनेच जावे लागे. महाग तिकीट जवळजवळ दुप्पट किमतीचे, पण त्याच मार्गावर त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीला चाले. माझा ओढा अर्थात स्वस्ताकडे. “विमानाला उशीर झाला म्हणजे?” आईने विचारले. म्हणजे तिकीट वाया, आणि विमानाच्या उशिराची जबाबदारी रेल्वे घेत नाही. आम्ही महाग तिकीट घेतले. शिवाय त्या तिकिटात बसावयाची जागा धरलेली नसते, हेही नवलच. आपल्याकडे आरक्षित तिकीट म्हटले, की डबा आणि आसन त्यातच येते. तिकडे जागा हवी असेल तर तिचे थोडे पैसे वेगळे. तेही भरले. नावासाठी दोनच रकाने होते. आपले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशा तीन पदरी नावाची आपल्याला सवय. पण तपासनीस तिकिटावरील नाव पारपत्राशी ताडून पाहू शकतो. तेव्हा पारपत्र समोर धरून एकेक अक्षर लिहिले.

मग पैसे. कार्ड तीन वेळा नाकारले गेले. खात्यात पैसे होते, आकडे बरोबर होते. पाऊण तास कपाळाला हात लावून बसल्यावर उलगडा झाला : रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवी कार्डे परदेशी व्यवहारांसाठी बंदच असतात, ज्याला हवे त्याने स्वतः ते दार उघडून घ्यावयाचे. नियम शहाणपणाचा आहे. तो आधी ठाऊक असता, तर अधिक शहाणपणाचा वाटला असता!

अखेर तिकीट आले. तिकीट कसले, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन आणि त्याभोवती चार ओळी. “हे फोनमध्ये राहील,” मी म्हणालो. आईला ते पटेना. आमचे वडील बाजार समितीत कांदा घालीत, तेव्हा हिशेबाची पट्टी हातात पडल्यावाचून ते गाडी जागची हलवीत नसत. आईने त्याच स्वरात सांगितले, “कागद आण.” मी उन्हात बाहेर पडलो. रस्त्यावर उन्हाळ कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. तिच्यातून वाट काढीत मी झेरॉक्सच्या दुकानातून दोन प्रती छापून आणल्या. एक आईच्या पिशवीत गेली, दुसरी तिने लुगड्याच्या घडीत ठेवली.

जायच्या दिवशी विमान दोन तास उशिरा पोचले. ठरलेली गाडी निघून गेली. जागेचे पैसे बुडाले, पण तिकीट पुढच्या गाडीला चालले. ताईंनी आईला तीत बसविले. गर्दी होती, एका जर्मन मुलीने उठून तिला जागा दिली. तिकडे स्टेशनात शिरताना कोणी तिकीट पाहत नाही. तपासनीस गाडीतच येतो. तो आल्यावर आईने लुगड्यातला कागद उलगडून दिला, त्याने चौकोनावर यंत्र धरले आणि मान लववून कागद परत केला. जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात, असे मी वर्गात सांगत असे. २०२४ साली तिकडील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी केवळ ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोचल्या, असे बहिणीने मला ऐकविले. तेव्हापासून मी ते वाक्य सोडून दिले आहे.

त्या दिवशी मी शाळेत तास घेत होतो, पण लक्ष खिशातल्या फोनकडे होते. तिकडचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास. दुपारी तीनच्या सुमारास तो वाजला. मागे रुग्णालयातील आवाज होते, बहिणीचे हसणे होते.

“पोचले रे. पोर बरी आहे,” आई म्हणाली. “तुझी गाडी छान. पण मध्ये मानहाइम का काय, तिथे वीस मिनिटे उभी राहिली, अगदी आपल्या मनमाडसारखी. मी खिडकीतून पाहत होते. एवढे मोठे स्टेशन, पण चहावाला एकही आला नाही बघ!”