सहा जणांच्या गाडीत एकटी

कळमेश्वरहून चंद्रपूरला जायचं म्हणजे काही काशी-रामेश्वर करायचं नव्हे. नागपूरला एस.टी. बदलली की झालं! पण गेल्या फेब्रुवारीत ‘चंद्रपूर, मग ताडोबा, आणि एकटीच’ असं मी जाहीर केलं, तेव्हा लेकीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तासातासाला फोन करीन, ह्या अटीवर परवानगी मिळाली. (शेचाळिसाव्या वर्षी परवानगी!)

ताडोबाचा बेत मूळचा ह्यांचा. ‘पुढच्या सुटीत’ म्हणता म्हणता तो वीस वर्षं राहिला, आणि तीन वर्षांपूर्वी हे गेले.

चंद्रपूर म्हणजे कोळसा आणि वीजकेंद्राचा धूर, एवढीच माझी कल्पना. परकोटाच्या आत मात्र दुपार निवांत होती. अचलेश्वराच्या देवळाजवळ गोंडराजांच्या समाध्या आहेत. त्यांतली भव्य समाधी बीरशहाची; त्याच्या राणीनं, हिराईनं बांधलेली. नवरा मारला गेल्यावर तिनं दत्तक घेतला, राज्य सांभाळलं, महाकालीचं देऊळ उभारलं. मला वाटलं होतं, इथं रडू येईल. आली ती भूक! आवारात सावलीला बसून पोळीभाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मोहर्ली. सहा जणांची जिप्सी, बसणारी मी एक. पैसे साऱ्या गाडीचे. ड्रायव्हरनं विचारलं, “संगं कोणीच नाही का, मॅडम?” क्षणभर परत फिरावंसं वाटलं. मग पैसे मोजले आणि शेजारच्या सीटवर ह्यांची दुर्बीण ठेवली.

मोबाइल आत न्यायला बंदी, तेव्हा लेकीची अट गेटवरच राहिली. वाटेत जुने दगडी खांब लागले. त्यांतून दोर ओवून, घंटा वाजवून राजाचे निरोप पुढं धाडीत, असं गाइड सांगत होती. ती तिथल्याच गावची तरुण पोर. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं. पण तळ्याकाठचा तारू देव, ज्याच्यावरून ताडोबा हे नाव पडलं, तो त्याहून कितीतरी जुना. वाघाशी झुंजताना तो मेला, असं म्हणतात.

आम्हांला वाघ दिसला नाही. तळ्याच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती. हे आपली दुर्बीण कुणाच्या हाती देत नसत. मी ती गाइडला दिली. तिनं बराच वेळ पाहिलं.

गेटवर येऊन फोन पाहिला, तर लेकीचे सतरा कॉल.

“वाघ दिसला?”

“नाही.”

“मग ये उद्या परत.”

“परवा येते,” मी म्हटलं. सकाळचीही जिप्सी मी सांगून ठेवली होती.