चोर्ल्याच्या चढणीवरचा वास

बेळगावहून गोव्याला जायला आम्हाला चोर्ला घाटाचा रस्ता सोयीचा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग घाट उतरला की केरी आणि साखळी. सौ.चे माहेर डिचोलीचे, त्यामुळे वर्षातून पाच-सहा फेऱ्या ठरलेल्या. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी थांबून मलप्रभेच्या उगमाला हात जोडायचे, हा आईचा नेम. हा रस्ता नाकानेही ओळखू येतो. पावसाळ्यात जांबोटीच्या रानाचा ओला वास, उन्हाळ्यात घाटाखाली पिकलेल्या काजूबोंडांचा.

त्यात गेल्या वर्षी एका वासाची भर पडली. पेट्रोलच्या.

गंमत अशी की जाताना काही नाही. परतताना केरी सोडून चढण लागली, खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागले, की मागच्या सीटवरून धाकटी म्हणायची, "बाबा, वास येतोय." मी पुढे बसून नाक ओढायचो. असला तरी किंचित. "घाटात ट्रक असतात, त्यांचा असेल," म्हणून सोडून द्यायचो. चोर्ला गाव येईपर्यंत तिला मळमळायचे, कणकुंबीला उलटी. आम्ही ठरवून टाकले, पोरीला गाडी लागते. आवळासुपारी झाली, लिंबू झाले, आदल्या रात्री हलके जेवण झाले. "खिडकीबाहेर बघ, मोबाइल बघू नको," हे तर दर वळणाला. एकदा मी तिच्यावर ओरडलोही.

तिची बाजू घेतली ती आईने. "अरे, मलाही येतोय वास. आम्ही दोघी मागे बसतो, तू पुढे. तुला काय कळणार?"

मग शोध सुरू झाला. डिकी रिकामी केली. कार्पेट धुतले. कापराच्या पुड्या ठेवल्या, त्याने दोन्ही वास एकत्र होऊन प्रकरण आणखी बिघडले. टाकीच्या झाकणाचे रबर बदलले. गाडी गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रीकडे नेली, त्याने बॉनेट उघडून पाइप हाताने चाचपले. सगळे कोरडे. आणि बेळगावात आले की वास गायब! दुखरा दात डॉक्टरसमोर दुखायचा थांबतो, तसे.

तिसऱ्या खेपेला मिस्त्रीने एकच प्रश्न विचारला, "टाकी फुल्ल कुठं करताय तुम्ही?"

कुठे म्हणजे? गोव्यात! २०१२ साली पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा कर जवळपास काढून टाकला आणि तिथे लिटरमागे सुमारे ११ रुपये कमी झाले. तेवढी स्वस्ताई पुढे राहिली नाही, पण परतताना टाकी गळ्यापर्यंत भरायची आमची सवय राहिली. भरली टाकी घेऊन लगेच घाट चढायचा. चढणीवर पेट्रोल टाकीच्या मागच्या अंगाला सरकते. कणकुंबीनंतर रस्ता मवाळ होतो, घरी पोचेपर्यंत टाकीही थोडी उतरते. म्हणून घरी वास नाही.

मिस्त्रीने टाकी भरायला लावली आणि पुढची चाके उंचावर चढवून गाडी तशीच उभी ठेवली. थोड्या वेळाने हाताखालचा पोरगा मागच्या दारातून ओरडला, "पेट्रोल वासनी बराकत्तेत्री!" (कन्नडमध्ये वासने म्हणजे नुसता वास. आमच्या डिचोलीच्या पाहुण्यांना हे कन्नड वाक्य ऐकवले की ते अजून दचकतात.)

मागची सीट उचलली. खाली पत्र्याचे गोल झाकण. ते काढले तर टाकीतल्या पंपाभोवतीची धूळ काळी, ओली. तिथला रबरी वायसर कडक होऊन एका बाजूने चिरला होता. जुन्या गाड्यांच्या रबराला हल्लीचे इथेनॉलचे पेट्रोल मानवत नाही, असे मिस्त्रीचे मत. आमचा वायसर तर वयानेच गेला असावा. काच खाली केल्याने वास बाहेर जाण्याऐवजी फटीतून जास्तच आत ओढला जायचा, हेही त्यानेच सांगितले.

धाकटी झोपायची ती नेमकी त्या झाकणावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचून राहते. आणि ती पेटायला ठिणगी पुरते. देवळातून निघाल्यावर आई कधीकधी गाडीतच उदबत्ती लावायची, ते आठवून माझ्या हाताला घाम फुटला.

बॅटरीची तार काढून, टाकी थोडी उपसून, मिस्त्रीने उघड्यावरच नवा वायसर बसवला. रबर दीडशे रुपयांचे. संध्याकाळी मी धाकटीला सांगितले, तुझेच खरे होते. ती म्हणाली, "मग ओरडलात कशाला?"

दिवाळीनंतर पुन्हा डिचोलीला गेलो. परतताना टाकी पाऊणच भरली. केरी मागे पडले, चढण लागली. आरशात बघत मी विचारले, "येतोय का गं वास?"

तिने बराच वेळ नाक ओढले. "येतोय की."

मी गाडी कडेलाच घेतली.

"आजीच्या पिशवीतल्या सुक्या सुंगटांचा," ती म्हणाली.