दोन आर्थर सीट



मागच्या वर्षी ऑक्टोबरात एका रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, ओळख मी कुठे आहे? आर्थर सीटवर!" मी मुलुंडच्या घरात भाजणीचं धान्य निवडत बसले होते. क्षणभर वाटलं, पोरगी न सांगता महाबळेश्वरला आली की काय! मग तिने फोन फिरवला. खाली काळपट दगडी इमारतींचं शहर, पलीकडे करडा समुद्र. हे स्कॉटलंडमधल्या एडिनबराचं आर्थर सीट. २५१ मीटर उंच, विझलेल्या ज्वालामुखीची टेकडी. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण ही टेकडी त्याच्याहून कितीतरी जुनी. तीस कोटींहून जास्त वर्षांची.

लेक शिकायला तिकडे गेली तेव्हा मला स्कॉटलंड म्हणजे घागऱ्यासारखा चौकटीचा किल्ट आणि बॅगपाइप, एवढंच ठाऊक होतं. त्या फोननंतर मी शोधायला लागले, तर स्कॉटलंड आपल्या दारातच निघालं. महाबळेश्वरची माल्कम पेठ ज्यांच्या नावाची, ते गव्हर्नर जॉन माल्कम दक्षिण स्कॉटलंडमधल्या एका मेंढपाळ शेतकऱ्याचे चिरंजीव. सतरा भावंडांतले एक. एल्फिन्स्टन स्कॉटिश. चौपाटीवरून जाताना दिसणारं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, तेही स्कॉटिश. फोर्टात लायन गेटजवळचं सेंट अँड्र्यूज चर्च १८१९ पासूनचं, स्कॉटिश मंडळींनीच बांधलेलं. लग्नाआधी मी नोकरीला रोज तिथूनच जात होते, पण कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

एक चित्र मात्र तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॉलिन मॅकेंझी हे भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल. स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस नावाचं बेट आहे. झाडं कमी, वारा फार, आणि लोक आजही गेलिक ही आपली जुनी भाषा बोलतात. तिथल्या स्टॉर्नोवे गावचे ते. त्यांचं १८१६ मधलं चित्र आहे. लाल कोटातले मॅकेंझी, सोबत तीन भारतीय सहकारी, एकाच्या हातात ताडपत्र. आणि मागे टेकडीवर कोण उभं आहे? आपले कारकळचे बाहुबली! सासूबाईंबरोबर मी कारकळला गेले होते. ती १४३२ सालची ४२ फुटी मूर्ती लगेच ओळखली आणि आपोआप हात जोडले गेले. मॅकेंझींनी जैनांविषयी लिहून ठेवलं, हस्तलिखितं जमवली. १७८३ मध्ये ते भारतात आले आणि १८२१ मध्ये इथेच वारले. परत घरी गेलेच नाहीत. हे वाचलं आणि मला त्यांच्या आईची आठवण झाली, जिच्याविषयी मला काहीच माहीत नाही.

आता खरी गोष्ट सांगते.

डिसेंबरात एडिनबराला दुपारी तीन चाळीसला सूर्य मावळतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं झालेली असतात. मी रोज नऊला फोन करायची, "सूर्यास्ताआधी जेवलीस ना?" ती म्हणायची, "हो आई." मी समाधानाने माळ घेऊन बसायची. तिकडचं खाणंही मी पाठ केलं होतं. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज-फुफ्फुस, तिकडे बघायचंसुद्धा नाही. त्याच्याबरोबर बटाटा आणि सलगम, म्हणजे कंदमूळ, तेही नाही. ओट्सची मीठ-पाण्यातली लापशी चालेल. जूनमध्ये तर सूर्य रात्री दहाला मावळतो, तेव्हा प्रश्नच नाही. माझं सगळं गणित जमलेलं होतं.

या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी तिचा फोन आला. शिक्षण संपून तिला आता तिथेच नोकरी लागली आहे. "उत्तम क्षमा, आई. मागच्या हिवाळ्यात मी तुला रोज खोटं सांगत होते. चारपर्यंत वर्ग असायचे. खोलीवर येऊन खिचडी टाकेपर्यंत सहा वाजायचे. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मी गप्प झाले. दहा दिवस मंदिरात दशधर्मांवर प्रवचन ऐकलं होतं. उत्तम सत्यही त्यातच होतं. आणि माझीच लेक माझ्याच प्रश्नामुळे तीन महिने रोज खोटं बोलत होती. तिचा एक नियम सांभाळायला मी तिचं सत्य घालवलं होतं. रात्री जेवल्याचा दोष तिला लागला असेल तर असेल, पण तिला खोटं बोलायला लावल्याचा दोष कुणाचा?

मग मीच म्हटलं, "बाळा, उत्तम क्षमा मला माग म्हणू नकोस. मीच तुझ्याकडे मागते."

नियम हलका आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः तो पाळतेच. पण मुलुंडच्या घड्याळाने एडिनबराचा सूर्य मोजायचा नाही, एवढं शिकले. आता सुट्टीच्या दिवशी आणि अष्टमी-चतुर्दशीला जेवढं जमेल तेवढं ती स्वतःहून पाळते. जमलं नाही तर तसं सांगते.

मी नऊचा फोन अजून करते. पण आता विचारते, "आज आर्थर सीटवर गेली होतीस का गं? काय दिसलं?"

मग ती बराच वेळ बोलते.