बस आणि बैस

गुंड्या आमच्या खासगी बाजारातल्या घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. त्याला मराठीतच शिकवायचं, असं मी ठरवलं. दिवसभर तो आजीजवळ असणार होता. "बस" म्हणून पोळीचा तुकडा नाकावरून मागे न्यायचा. मान वर गेली की बूड आपोआप टेकतं. टेकताक्षणी तुकडा द्यायचा. उशीर झाला तर बक्षीस कशाचं, हे त्याला कळत नाही. सकाळ-संध्याकाळ 5-5 मिनिटं. चार दिवसांत जमलं.

पण हे ग्वाल्हेर! बाबा भाजीवाल्याला "बस, बस" म्हणाले की हा दारात बसे. शेजारच्या काकू "ये क्या है?" म्हणाल्या की धावत जाई. तुकडा कुणीच देत नसे. हळूहळू त्याने दोन्ही शब्द सोडून दिले. एका दुपारी दार उघडं राहिलं आणि माझ्या "ये, ये"कडे न बघता तो थेट स्कूटरपुढे गेला. ब्रेक लागला म्हणून वाचला. माझे हात बराच वेळ कापत होते.

आजी म्हणाली, "अगं, 'बैस' म्हण. आणि 'ये' नको, 'इकडे' म्हण." पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता घरात सगळ्यांनी हेच शब्द वापरायचे. पंचाईत झाली ती धाकट्या भावाची. तो आजीलाही हिंदीतच उत्तरं देतो. त्याच्या "बैठ"कडे गुंड्या ढुंकूनही बघत नाही. परवा तो स्वयंपाकघरात धावत आला,

"आजी, 'छोड़' को मराठी में क्या बोलते हैं? मेरी चप्पल ले गया!"