अंग सैल सोड, आत्या

रिपोर्टमध्ये खास काही सापडलं नाही की घरातले एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी हळूच म्हणतं, 'मनाचंच असेल.' माझ्या आत्याने हे वाक्य अकरा वर्षं ऐकलंय. ती बार्शीत ब्लाउज शिवते. कंबर कितीही दुखली तरी लग्नसराईत तिचं मशीन थांबत नाही. म्हणून तिला योगनिद्रेबद्दल सांगायला मी कचरत होते. 'पडून राहा, श्वासाकडे लक्ष दे' म्हटलं असतं, तर तिला एवढंच ऐकू आलं असतं: म्हणजे तूपण त्यांच्यातलीच.

मग मी तिला माझ्या कामातलं सांगितलं. आम्ही सर्व्हरवर अलर्ट लावतो. त्याची मर्यादा फार खाली ठेवली, तर सर्व्हर ठणठणीत असतानाही रात्रभर फोन वाजतो. पण वाजतो तो खराच, आणि झोप मोडते तीही खरीच. तीन महिन्यांच्या पुढे टिकलेल्या दुखण्यात बऱ्याचदा मज्जासंस्थेचं असंच होतं. मूळ इजा भरून येते, पण नसा हळव्या होऊन बसतात. दुखेल या धास्तीने स्नायू आवळले जातात, आवळल्याने अजून दुखतं, झोप उडते, आणि झोप नसली की सगळंच जास्त दुखतं. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या शब्दाचा मान ठेवावा, असं तिच्यासोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट आहे. आत्याला हे फार आवडलं. 'हे तुझ्या काकांना वाचून दाखव,' म्हणाली.

शवासनाकडे डॉक्टरांनी गंभीरपणे बघणं आपल्याकडे जुनंच आहे. मुंबईच्या केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन करायला लावून त्याचे निष्कर्ष १९६९ साली छापले. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी झाल्या. तो अभ्यास रक्तदाबाचा होता. जुनाट दुखण्यासाठी अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात असाच प्रयोग केला: आडवं व्हायचं आणि लक्ष एकेका अवयवावरून फिरवत न्यायचं. बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांच्या योगनिद्रेतही हा फेरा आहे, तो उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू होतो.

अडचण आली ती आवाजाची. अॅपमधली बाई म्हणाली, 'तर्जनी, मध्यमा, अनामिका.'

'ह्या कुठल्या गावच्या?' आत्या.

मग मी फोनवर अठरा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट, करंगळी, तळवा, मनगट, कोपर. 'शरीर शिथिल करा' काढून 'अंग सैल सोड' घातलं. उताणं झोपलं की तिच्या कंबरेला ओढ बसायची, म्हणून गुडघ्यांखाली लोड ठेवला. नाहीच जमलं तर कुशीवर. काहींना दुखऱ्या जागेवर लक्ष नेलं की जास्त दुखतं, आत्याही त्यातलीच. त्यामुळे आमच्या फेऱ्यात कंबर सगळ्यात शेवटी येते आणि तिथे आवाज थांबत नाही. सहन होईना झालं तर लक्ष परत तळव्यावर आणायचं, हेही त्यातच सांगितलंय. एक गोष्ट मात्र मी तिला बजावून ठेवलीय: पाय बधिर झाला, त्यातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर रेकॉर्डिंग बंद आणि तडक दवाखाना.

कंबर दुखतेच. पाच महिने झाले, रात्रीची गोळी डॉक्टरांनी सुरूच ठेवलीय. पण पूर्वी ती दोनला उठून ओट्याला धरून उभी राहायची, ते कमी झालंय. बहुतेक रात्री ती डाव्या मांडीपर्यंत झोपी जाते. पुढे काय आहे ते तिने अजून ऐकलेलंच नाही, कंबरसुद्धा.

गेल्या आठवड्यात तिने ती फाइल शेजारच्या काकूंना पाठवली. त्यांचा मला निरोप आलाय, 'चांगलं आहे, पण आमचे गुडघे आधी घे.'