साखरेच्या बेटाचे बंदर: पोर्ट लुई

मॉरिशसला मूळ रहिवासी नव्हते. आज बेटावर राहणाऱ्या प्रत्येकाचा पूर्वज कधी ना कधी गलबतातून उतरलेला, आणि त्यांतले बहुतेक उतरले पोर्ट लुईच्या बंदरात. म्हणून या राजधानीचा इतिहास हाच देशाचा इतिहास.

डच 1598 मध्ये आले. राजपुत्र मॉरित्सचे नाव त्यांनी बेटाला दिले आणि 1639 मध्ये जावाहून ऊस आणला, पण वसाहत टिकली नाही. 1710 मध्ये ते कायमचे निघून गेले. 1715 मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले. 1735 पासून गव्हर्नर असलेल्या माए द ला बुर्दोने याने पोर्ट लुईला गोदी, रुग्णालय आणि सरकारी इमारती दिल्या. हे बांधकाम आणि मळ्यांतली मेहनत मुख्यतः मादागास्कर व मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेल्या गुलामांची होती.

1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. मात्र फ्रेंच जमीनदारांची मालमत्ता, कायदे, भाषा आणि धर्म यांना हात लावायचा नाही, हे शरणागतीच्या तहातच ठरले. राज्य इंग्रजांचे आणि जमीन फ्रेंचांची, अशी वाटणी झाली. 1825 मध्ये मॉरिशसच्या साखरेवरचा आयात कर वेस्ट इंडीजच्या साखरेइतकाच झाला आणि उसाने बेट व्यापले. 1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली. भरपाईचे सुमारे वीस लाख पौंड मालकांना मिळाले. सुटलेल्या गुलामांना काहीच नाही, उलट ‘उमेदवार’ म्हणून त्यांना 1839 पर्यंत त्याच मालकांकडे राबावे लागले.

ऊस तोडायला माणसे लागणारच होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ हे जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन आले. पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या मजुरी-करारावर, इथे उतरले. बंदरावरच्या आप्रवासी घाटाची उभारणी 1849 मध्ये सुरू झाली. दगडी पायऱ्या चढून आलेल्या माणसाला तिथे एक क्रमांक मिळे आणि त्याची मळ्यावर रवानगी होई. पुरुषाचा पगार महिना पाच रुपयांच्या आसपास, शिवाय शिधा. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांची मजुरी कापली जाई. या शिक्षेचे नावच ‘डबल कट’. 1867 च्या कायद्याने मुदत संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना खिशात ठेवावा लागे. नसला तर भटक्या ठरवून अटक. आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने 1871 मध्ये मजुरांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. स्वजातीयांचा रोष त्याने ओढवून घेतला, पण पुढच्या वर्षी चौकशी आयोग नेमला गेला.

शहराचा नकाशा हिवतापाने बदलला. 1866-68 च्या साथीनंतर ऐपतदार कुटुंबे थंड पठारावरच्या क्युरपीपकडे सरकली. बंदरालगत व्यापारी, कारागीर आणि गरीब उरले. 1880 नंतर मळेवाल्यांनी कमी कसाच्या जमिनी तुकड्यांनी विकायला काढल्या. साठवलेल्या पैशांतून भारतीयांनी त्या घेतल्या आणि मजुरांतून छोट्या शेतकऱ्यांचा वर्ग उभा राहिला. मुलांच्या शिक्षणाचा आणि पुढे मतांच्या राजकारणाचा पाया हाच. गांधीजी 1901 मध्ये इथे थांबून गेले, 1907 मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील आले, 1936 मध्ये मजूर पक्ष निघाला. 12 मार्च 1968 रोजी शां द मार्सच्या मैदानावर स्वतंत्र देशाचा झेंडा चढला. गोऱ्या सायबांच्या घोड्यांच्या शर्यतींसाठी 1812 पासून वापरात असलेले हेच ते मैदान.

आता देशाची मिळकत साखरेपेक्षा पर्यटन, वित्तसेवा आणि कापड उद्योगावर चालते. मळ्याची उतरंड मात्र भाषेत दिसते: कायदेमंडळाचा कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये आणि बाजारातला भाव गुलामांच्या वस्तीत घडलेल्या क्रेओलमध्ये. मध्यवर्ती मंडईपाशी वाटलेली डाळ भरलेली ‘डॉल पुरी’ जोडीनेच विकली जाते. तिच्याबरोबर टोमॅटोचा ‘रूगाय’ येतो. बिहारी पोळी आणि क्रेओल कालवण एकाच कागदात गुंडाळले जाते, तरी निवडणुकीत उमेदवाराचा समाज कोणता हे आजही मोजले जाते.

मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणातली माणसे बरीच होती. त्यांचे वंशज असलेले मराठी लोक आज लोकसंख्येत थोडे आहेत. घरात क्रेओल बोलणाऱ्यांची मुले शाळेत मराठी शिकतात, आणि कोकणातली जाखडी इथे ‘झाकरी’ नावाने गणपतीपुढे नाचली जाते. गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. तशीच ती 1 फेब्रुवारीला गुलामगिरीच्या अंतासाठी आणि 2 नोव्हेंबरला गिरमिटियांच्या आगमनासाठीही असते.