मातीवाचून पालक

गॅलरीत मातीच्या कुंड्या ठेवायच्या नाहीत, असा आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव झाला. खालच्यांच्या छताला ओल येते म्हणे. ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला होता, हे आईला मी अद्याप सांगितलेले नाही. कोकणातले घर विकून ती आमच्याकडे आल्यापासून त्या चार कुंड्या हेच तिचे परडे होते.

प्रायश्चित्त म्हणून मी पुस्तके धुंडाळली. मातीवाचून भाजी पिकवण्याचे खूळ काही आजचे नव्हे. कॅलिफोर्नियातील गेरिक यांनी १९३७ साली त्याचे ‘हायड्रोपॉनिक्स’ असे बारसे केले. १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी बंगालात कालिंपाँगला त्याचे प्रयोग आरंभले. पण त्यांची भिस्त रासायनिक क्षारांवर, आणि ‘रासायनिक’ म्हटले की आई तोंड फिरवते. मग मी झाकणाचा टब आणला, पाण्याने भरला, झाकणाला भोके पाडून काथ्याच्या भुशात रुजवलेली पालकाची रोपे त्यांत बसवली, आणि शेंगदाण्याची पेंड भिजवून ते पाणी सढळ हाताने आत ओतले.

तिसऱ्या दिवशी शेजारी नाकाला रुमाल लावून विचारपूस करायला आले. मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली होती. आई वाकून म्हणाली, “अरे, शेणसुद्धा आपण कुजवल्याशिवाय घालत नाही. तू तर कच्ची पेंड पाजलीस त्याला!”

पुस्तकातही तेच होते. ते पान मी घाईत ओलांडले होते. पेंडीतला नत्र प्रथिनांत अडकलेला असतो. काही जिवाणू त्याचा अमोनिया करतात, दुसरे त्या अमोनियाचे नायट्रेट, तेव्हा कुठे पालकाच्या तोंडी घास पडतो. मातीत हे बिऱ्हाड आयतेच असते. पाण्यात पेंड तशीच सडली तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मुळे गुदमरतात.

मग आईने बादली मागितली. विरजणापुरते गांडूळखत, रोज थोडेसेच पेंडीचे पाणी, आणि मत्स्यपेटीतला हवेचा पंप. तो रात्रभर घुरघुरे. “घरात घोरणारा एक पुरेसा होता,” असा हिचा शेरा. विसाव्या दिवशी घाण वास पार गेला, तेव्हा आईने ते पाणी टबात घालायची परवानगी दिली.

पहिली जुडी निघाली ती गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी. आईने सवयीने ती तीन पाण्यांत धुतली. दर वेळी पातेले कलते करून ती तळाकडे बघे. काहीच बसलेले नव्हते.

“धुतल्यासारखे वाटतच नाही रे,” ती म्हणाली, आणि चौथ्यांदा नळ सोडला.